दिवेलागणीची झोप

विष्णुपंतांनी दुकानाच्या फळ्या ओढून घेतल्या, मागच्या खिडकीवर पोतं सोडलं आणि सांगलीच्या भर पेठेत, भर दुपारी, आपल्या विजेच्या दुकानात रात्र केली. "आता बघा," ते म्हणाले. बटण वाजलं. आकाराम वाट बघत राहिला. बटण वाजलं म्हणजे दिवा लागायला हवा. लागला नाही म्हणजे वीज गेली असणार, नाहीतर बल्बातली तार तुटली असणार, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि पंत दुसरा बल्ब काढतील म्हणून तो थांबला. तेवढ्यात शेजारी बांगड्या किणकिणल्या आणि त्याची बायको राही म्हणाली, "आगं बया! काय गार उजेड हाय." तिच्या कडेवरची मनू हसली. मग राहीचं कोपर त्याच्या दंडाला लागलं. "आवं, दिवा लावला न्हवं? हात जोडा की. पोरीनंसुदिक जोडलं."

आकारामनं हात जोडले. समोर जोडले, सरळ, देवळात उभं राहावं तसे. पंतांचं हसू अंधारातून आलं. "अहो आकाराम, तिकडे मीटरची पेटी आहे. दिवा इकडे." "द्येव काय येकाच बाजूला असतोय व्हय, पंत?" तो म्हणाला आणि तिघंही हसले. त्याचं स्वतःचं हसू त्याला जरा उशिरा संपल्यासारखं वाटलं. मग त्यानं मान हळूहळू डावीकडे वळवली. काही नव्हतं, काही नव्हतं, आणि मग एकदम तिथं निळा ठिपका होता. मान केसभर हलली की तो जायचा. ठिपक्याच्या भोवती मात्र काही नव्हतं. भिंत नव्हती, पंत नव्हते, लेक नव्हती. काळ्या पाटीवर कुणी निळ्या खडूनं एक टिंब द्यावं तेवढाच तो दिवा.

हे दिवे लढाईच्या दिवसांत काळोखाचा हुकूम निघाला तेव्हा मागवलेले, लढाई संपली आणि दिवे उरले, असं पंत सांगत होते. पाच क्यांडलचे. झोपायच्या खोलीला याच्यासारखा दिवा नाही. रात्रीच्या दिव्याचं कसं असावं, तर माणूस उठला तर त्याला आपले पाय दिसावेत आणि झोपला तर पापणीला कळू नये. तो डोक्यावर टांगायचा नाही, दाराच्या मागं, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावायचा. राही "व्हय, व्हय" म्हणत होती. तिला तो पटला होता. रॉकेल रेशनवर होतं, आणि मिळायचं त्याची चिमणी रात्रभर मिणमिणत ठेवली की सकाळी मनूच्या नाकपुड्या आतून काळ्या व्हायच्या. पोरगी खोकायला लागली तशी डॉक्टरांनी बंद खोलीत चिमणी ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि याच दिवाळीत घरमालकानं चाळीत वीज घेतली होती. त्यामुळे झोपेचा दिवा निवडायला म्हणून ती दोघं आली होती. आकाराम चालवायचा ती उतारूंची सर्व्हिस मोटार आज दुरुस्तीला उभी होती, एरवी त्याला दिवसाची पेठ बघायला मिळायची नाही. सकाळी सांगलीहून साताऱ्याला गाडी न्यायची आणि तिसऱ्या प्रहरी साताऱ्याहून निघून रात्री सांगलीत आणायची, हे त्याचं काम.

"जरा मोठा दावा की," आकाराम म्हणाला. पंतांनी पंचवीस क्यांडलचा लावला. खोली परत आली. काउंटर, तारेची भेंडोळी, राहीच्या कपाळावरचं कुंकू, सगळं आपापल्या जागी उभं होतं, जणू कुठं गेलंच नव्हतं. "ह्यो द्या," तो घाईनं म्हणाला. राहीनं डोळ्यांवर पदर ओढला. "ह्यात पोरगी झोपंल व्हय? मलाबी झोप यायची न्हाई." पंत म्हणाले, "हा झोपेचा दिवा नव्हे हो. याच्याखाली गोंधळ घालायचा, जागरण करायचं." राही खळखळून हसली. आणि तिनं निळा दिवा घेतला.

बाहेर उन्हात आल्यावर आकाराम थांबला. समोरच्या कापडाच्या दुकानाची पाटी त्यानं वाचली. त्याच्या पलीकडच्या वैद्याची वाचली. आणखी पलीकडे, चौकाच्या तोंडाशी, तपकिरीची जाहिरात होती; तिची खालची बारीक ओळही त्यानं वाचली. डोळे ठणठणीत होते. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली, कारण दिवसा पाट्या वाचून बघायची ही सवय त्याला गेल्या पावसाळ्यापासून लागली होती आणि ती कशापायी लागली हे त्यानं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. गावाकडच्या नाथाजीकाकालाही दिवसा सगळं दिसायचं. माळावर चरणाऱ्या जनावरांतलं आपलं वासरू तो बांधावरून ओळखायचा. पाटणच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. ऊन लवकर जायचं. ऊन गेलं की नाथाजीकाका ओट्यावरून उठून आत जायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. कुणी विचारलं तर आकारामचा बाप सांगायचा, "आमच्या नाथाजीला दिवेलागणीलाच झोप लागती." साऱ्या घराचं ते ठरलेलं वाक्य होतं. सोयरीक जुळवायला पाहुणे आले की त्यांना सकाळच्या वक्ताला बोलवायचे. काकाचं लग्न भर दुपारच्या मुहूर्तावर लागलं. वरातीला नवरदेव झोपला म्हणून सांगितलं तेव्हा काकीकडची माणसं किती हसली होती, ते लोक पुढं बरीच वर्षं सांगत. धाकट्या आकारामला हे सगळं खरं वाटायचं. मग एकदा तो अंधारात काकाच्या शेजारी पाणी ठेवायला गेला होता आणि काकाचे डोळे उघडे होते. टक्क उघडे, तुळईकडे लावलेले. आकारामनं त्या डोळ्यांसमोर हात हलवला होता. डोळे हलले नाहीत. "कोन हाय?" काकानं विचारलं होतं. हातभर अंतरावर बसलेल्या पोराला त्यानं विचारलं होतं, कोन हाय.

घरी येऊन त्यानं निळा दिवा दाराच्या मागं लावला. त्या रात्री राही आणि मनू पडल्या पडल्या झोपल्या. त्यांचे श्वास लांब आणि सारखे होत गेलेले त्याला ऐकू आले. त्याला तहान नव्हती. पण पाण्याचा तांब्या आपल्याला सापडेल की नाही हा विचार एकदा डोक्यात आला आणि मग तहान लागली. तो उठला. ठिपका कुठं आहे ते त्यानं शोधून काढलं, ठिपक्यापासून तांब्या किती लांब याचा अंदाज बांधला, आणि पाऊल टाकलं. पायाखाली मऊ काहीतरी आलं. मनूची किंकाळी सगळ्या चाळीनं ऐकली. राहीनं पोरीला छातीशी घेतलं, हात चोळला, बोटं एकेक हलवून बघितली. बोटं शाबूत होती. "तुमाला दिसलं न्हाई?" तिनं विचारलं. "झोपंत व्हतो," तो ओरडला. इतक्या मोठ्यानं ओरडायचं काही कारण नव्हतं. राही आपल्या तोंडाकडे बघते आहे की नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. तिला तो दिसत होता. त्याला ती दिसत नव्हती. एका खोलीत, एकाच दिव्याखाली, असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन गेला, आणि रात्री परत आला तेव्हा खिडकीतून पिवळाधमक उजेड गल्लीत पडला होता. राहीनं जाऊन पंचवीस क्यांडलचा आणला होता. "पोरीला अंधाराचं भ्या वाटतंय," ती म्हणाली. त्यानं पोरीकडे पाहिलं. मनू हाताची घडी डोळ्यांवर घेऊन पालथी पडली होती. त्या दिवसापासून तो मोठा दिवा रात्रभर जळत राहिला. आकारामला तांब्या दिसायचा, कोनाडा दिसायचा, दाराची कडी दिसायची. राहीचे उघडे डोळेही दिसायचे. पोरगी दिवसा रडवी झाली. राहीच्या डोळ्यांखाली काळं आलं, चुलीपुढं बसल्या बसल्या तिची मान पडू लागली, एकदा तवा हातावर आला. निळा दिवा कोनाड्यात कागदात गुंडाळून ठेवलेला होता. आपण लावू या का तो, असं तिनं एकदाही विचारलं नाही. त्याऐवजी आठवड्याच्या बाजारादिवशी तिनं बकऱ्याचं काळीज आणलं आणि तव्यावर परतून, मीठ टाकून, त्याच्या ताटात वाढलं. स्वतः घेतलं नाही. काळीज कशाला खातात हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं मान खाली घालून सगळं खाल्लं. पुढच्या बाजारीही तिनं आणलं, त्याच्या पुढच्याही. काळजानं रातांधळेपण उतरतं ते खाण्यापिण्याची आबाळ झालेल्यांचं. नाथाजीकाकानं आख्खं आयुष्य काळीज खाल्लं होतं. हे तिला सांगायचं तर आधी काका सांगावा लागला असता, आणि काका सांगायचा तर राहीची सोयरीक ठरवताना तिच्या बापाला जे सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं असतं. तो म्हणायचा, "बेस झालंय." ती म्हणायची, "आनिक घ्या."

आणि दिवस लहान होत चालले होते. आकारामला याआधी कधी सूर्य मावळतो कसा याच्याशी देणंघेणं नव्हतं. आता साताऱ्याच्या स्टँडवर गाडी भरत असताना त्याचं लक्ष अजिंक्यताऱ्यावरच्या उन्हाकडे असायचं. एखादा वकील सामान टपावर चढवायला वेळ लावी, एखादी बाई पोराला लघवीला घेऊन जाई, आणि आकारामला वाटे की ही माणसं आपल्या खिशातून काहीतरी काढून घेत आहेत. उन्हाळ्यात नेर्ल्यापर्यंत उजेड टिकायचा. दसऱ्यानंतर कऱ्हाडचा पूल ओलांडताना दिवे लावावे लागत, आणि आता तर कऱ्हाडच्या अलीकडेच झाडांच्या बुंध्यांवर मारलेले चुन्याचे पट्टे तेवढे उरायचे, बाकी रस्ता जायचा. गाडीच्या दिव्यांत समोरचा पट्टा दिसे. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जग संपलेलं असे. रस्ता त्याला पाठ होता, कुठं वळण, कुठं ओढा, कुठं वडाची फांदी खाली आलेली. तो आठवणीनं गाडी चालवत होता. आठवणीत बैलगाड्या नसतात. गाड्यांचं काम गुंडा करी. गुंडा कंडक्टर, त्याच्या शेजारी बसायचा आणि तोंडाचा पट्टा सोडायचा. "बघ बघ, कंदील न्हाई का फिंदील न्हाई, पाटलाची गाडी हाय जनू! आरं, डावीकडं चाललंय बघ म्हातारं, बायकूनं हाकलल्यावानी." लोक हसत. आकाराम हसे आणि चाक उजवीकडे घेई. कधी गुंडा गप्प बसला तर आकारामच म्हणे, "बोल की रं, मुका झालास व्हय?"

लढाईच्या दिवसांत तो लष्करात ट्रकवर होता, तेव्हा त्याला मांजर म्हणायचे. आसामच्या डोंगरातून रात्री रसद वर जायची, दिवे बंद. पुढच्या ट्रकच्या पोटाखाली एक लोखंडी गोळा पांढरा रंगवलेला असे आणि त्यावर एक मिणमिणता दिवा टाकलेला. मागच्यानं तेवढाच धरायचा. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला पोकळी. पंजाबी पोरं रडकुंडीला यायची. आकाराम सुपारी चघळत जायचा. हुकूम एकच होता: पुढचा दिवा सोडायचा नाही. रस्ता बघू नका, वळण बघू नका, दिवा वळला की तुम्ही वळा. तेव्हा त्याला दिव्यावाचूनही दिसत होतं, कड्यावरची गवताची पातीसुद्धा दिसत होती, म्हणून तो हुकूम त्याला पोरकट वाटायचा. आता मात्र रात्री गाडीत बसला की तो शब्द त्याच्या कानात वाजायचा आणि तो पुढं कुणाचा तरी दिवा शोधायचा. पुढं एखादी लॉरी असली, तिचा मागचा तांबडा दिवा दिसला, की त्याच्या मुठी सैल होत.

त्या दिवशी साताऱ्यातच उशीर झाला. कऱ्हाडला पोचेपर्यंत काळोख पडला होता आणि पेठ गाव सोडल्यावर गाडीचे दिवे बसू लागले. बॅटरी जुनी होती, इंजिन मंदावलं की उजेड पिवळा पडायचा. आत गच्च माणसं होती. इस्लामपूर सोडलं आणि बनाबाई नावाची आष्ट्याची एक म्हातारी, लेकीचं बाळंतपण करून परत चाललेली, मागून ओरडली, "आरं डायव्हर, ह्यो आतला दिवा मालीव की लेका! डोळ्यात खुपतोय. जरा डोळा लागू दे." आकारामनं आतला दिवा मालवला. थोड्याच वेळात मागं बोलणं थांबलं. एकेकाचे श्वास जड झाले, कुणीतरी घोरू लागलं, एक पोर झोपेत चुटचुट आवाज करू लागलं. गुंडा मागं होता, एकाची बोचकी दारात आडवी आली होती ती तो आवरत होता. आकारामला त्याला हाक मारायची होती. हाक मारली तर सगळे जागे होतील असं त्याला वाटलं, आणि त्याला ते नको होतं. पाठीमागं एवढी माणसं झोपली आहेत या गोष्टीत काहीतरी असं होतं की तिला धक्का लावायची त्याची हिंमत होईना. समोरून एक लॉरी आली. तिचे दिवे डोळ्यांत घुसले, गेले, आणि मग काहीही उरलं नाही. चुन्याचे पट्टे नाहीत, रस्त्याची कड नाही. त्यानं गाडी हळू केली तसा त्याच्या गाडीचा उजेडही मेला. आणि तेव्हा त्याला पुढं दिवा दिसला. लहान, पिवळा, संथ डुलणारा. बैलगाडीच्या आसाला टांगलेला कंदील असणार. त्याच्या मुठी सैल झाल्या. पुढचा दिवा सोडायचा नाही. तो दिव्याच्या मागं गेला. चाकांना खडबडीत लागलं, दोन्ही बाजूंना काहीतरी सळसळलं, ओल्या मातीचा वास आला, पण दिवा समोर होता, आणि दिवा होता तोवर रस्ताही असणारच. दिवा मोठा होत गेला. मग तो गाडीच्या उंचीच्या वर गेला, आणि आकारामनं करकचून ब्रेक दाबला.

कंदील बांबूला टांगलेला होता. खाली माणसं उभी होती. पलीकडे चुलवाणात उसाचं पाचट धडधडत होतं आणि त्यावर मोठ्या काहिलीत रस उकळत होता. हे गुऱ्हाळ होतं. मोठा रस्ता उजवीकडे वळला होता आणि आकाराम उसातल्या गाडीवाटेनं सरळ आत आला होता. काय झालं हे त्याला पुरतं कळायच्या आत मागं माणसं जागी झाली, वास त्यांच्या नाकात गेला, आणि बनाबाई टाळी वाजवून ओरडली, "आगं बया! डायव्हरनं रस प्यायला आनलंय!" गाडीत हशा पिकला. "वा रं पठ्ठ्या!" "मला वाटलं भूमिगतांनी गाडी पळवली!" "आकाराम, तुज्यासारका डायव्हर न्हाई गड्या!" माणसं भराभर उतरली. गुऱ्हाळावर आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. काहिलीशी बसलेला गुळव्या जोतिबा उठला, पंचा झटकत म्हणाला, "या या, आख्खं वऱ्हाडच आलं जनू," आणि त्यानं रसाच्या घागरी पुढं केल्या. पोरांच्या हातावर पानात गरम गूळ आला. कुणी आकारामच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्या हातात पेला दिला. रस गार होता, त्यानं तो एका दमात संपवला. आपण इथं मुद्दाम आलो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याला काही करायचंच नव्हतं. हसायचं तेवढं होतं. तो हसला.

गाडी मागं कशी काढायची ते बघायला गुंडा हातातली बॅटरी पेटवून वाटेनं गेला होता. परत आला तेव्हा त्यानं आकारामचं मनगट धरलं. "हिकडं ये." उसाच्या कडेकडेनं त्यानं त्याला नेलं आणि थांबवलं. "खाली बघ." आकारामनं खाली पाहिलं. गुंडानं बॅटरीचा झोत टाकला. ओल्या मातीत गाडीच्या चाकाची ताजी रेघ उमटली होती, आणि रेघेच्या पलीकडे माती ढासळलेली होती, आणि ढासळल्या मातीच्या पलीकडे काही नव्हतं. झोत आणखी खाली गेला. खोल कुठंतरी पाणी चमकलं. विहिरीला कठडा नव्हता. "ही हीर दिसली व्हती तुला?" गुंडानं विचारलं.

"व्हय," आकाराम म्हणाला.

"मग हिच्या काठावनं का घातलीस?"

गुऱ्हाळाकडून बनाबाईचं हसणं ऐकू येत होतं. ती गुळव्याला जावई करून घेते म्हणत होती. गुंडानं बॅटरी बंद केली. "मी रोज बडबड करतो ती काय मला ग्वाड लागती म्हनून व्हय रं? दसऱ्यापासनं वळाकलंय मी. म्हनलं, बोलत ऱ्हायलं की भागतंय." त्यानं आकारामचं मनगट पुन्हा धरलं. "आज मागं गेलो. येवढंच. बोचकी आवराय मागं गेलो." मग हळू म्हणाला, "हे बघ. मी कंदील घिऊन म्होरं चालतो सडकंपातूर. तिथनं तुज्या मांडीला मांडी लावून बसतो, तोंड मिटत न्हाई. सावकास जाऊ. कुनाला कळायचं न्हाई. उद्याचं उद्या."

हे होण्यासारखं होतं. आकारामनं त्याचा नीट विचार केला. रस्त्यापर्यंत कंदील, मग गुंडाचं तोंड, मग आष्टा, मग सांगली. चाळीच्या खिडकीतून गल्लीत पडलेला तो मोठा उजेड. राही दार उघडेल, सुजलेल्या डोळ्यांनी, आणि विचारेल, जेवता न्हवं? परवा बाजार आहे, ती काळीज आणेल. उद्याचं उद्या, परवाचं परवा, आणि पुढं दिवस मोठे होतील, संक्रांतीनंतर तिळतिळानं होतील. उन्हाळ्यात पुन्हा नेर्ल्यापर्यंत उजेड मिळेल. हे सगळं त्याला अगदी स्वच्छ दिसलं. नोकरी गेली तर दिवसाची गाडी कोण देणार, चाळीतली खोली कशी ठेवायची, गावी परत जायचं तर काकाच्याच भिंतीशी अंथरूण पडायचं, हेही दिसलं. तो गाडीकडे चालू लागला. गुंडा त्याच्या पुढं दोन पावलांवर बडबडत निघाला, "डावीकडं चिखल हाय, हां, आता नीट, हां." माणसं गाडीत बसलीच होती. पोटात रस गेला होता, अंगाला चुलवाणाची ऊब लागली होती. आकाराम चढून आपल्या जागेवर बसला आणि गाडीच्या मालकानं ताकीद दिली होती त्याप्रमाणे निघण्याआधी माणसं मोजता यावीत म्हणून त्यानं आतला दिवा लावला. त्या उजेडात त्यानं वळून पाहिलं. एका बाईनं दोन पोरांना पदराखाली घेतलं होतं. धाकट्याच्या ओठाला गूळ चिकटलेला होता आणि त्याचे डोळे मिटतच आले होते. बनाबाईनं बोचकं उशाला घेतलं होतं. "मालीव रं बाबा," ती डोळे न उघडता पुटपुटली. "झोपू दे. आष्टा आला की उठीव."

आकारामचा हात बटणावर गेला. तो तिथंच राहिला. "मालवत न्हाई," तो म्हणाला. "उतरा खाली."

"आता आनि काय? गूळ बांधून घ्यायचा ऱ्हायला व्हय?" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा झाला.

"मला रातचं दिसत न्हाई," आकाराम म्हणाला. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला आणि त्यानं ते पुन्हा सांगितलं, हळू नव्हे, मोठ्यानंही नव्हे, कंडक्टरनं पुढच्या थांब्याचं नाव सांगावं तसं. "मला रातचं दिसत न्हाई. मी हितं चुकून आलो. मागं हीर हाय, तिच्या काठावनं आलो. सकाळ झाल्याबिगर मी गाडी हलवनार न्हाई. उतरा."

मग पोरांची आई उठली, दोघांना ओढत दारातून बाहेर पडली, आणि तिच्यामागून सगळेच, एकमेकांना ढकलत, गाडी आत्ताच विहिरीत चालली असल्यासारखे. "आरं, मानूस हायेस का कोन!" एकजण खालून ओरडला. "बायकापोरं हायेत आत!" दुसऱ्यानं मालकाचं नाव घेऊन शिवी दिली. मघाशी पाठीवर थाप मारणारा कोण होता हे आकारामला आठवेना. बनाबाई सगळ्यांच्या शेवटी उतरली. ती त्याच्यापाशी थांबली. "कवापासनं रं?" तिनं विचारलं. "पावसाळ्यापासनं." "आनि बायकूला ठावं हाय?" त्यानं बटणावरचा हात काढला. "असंल," म्हातारी म्हणाली. "त्यास्नी ठावं असतंय." आणि बोचकं उचलून ती चुलवाणाकडे गेली.

जोतिबानं पाचटाचे भारे सोडायला लावले. माणसं कुरकुरत, शिव्या देत, पाचटावर आडवी झाली. काहिलीखालचा जाळ तांबूस, जमिनीलगत पसरलेला होता, आणि हळूहळू कुरकुर कमी होत गेली. गुंडा आकारामपाशी आला. "मालकाला मी सांगू का?" "न्हाई. मीच सांगतो." "आनि वैनीला?" आकारामनं मान हलवली. या वेळी राही दाराशी बसली असेल, डोक्यावर तो पंचवीस क्यांडलचा जळत असेल, आणि गाडी आली नाही म्हणून तिच्या मनात काय काय येत असेल. उद्या उजाडता तो जाईल आणि आधी तिला काका सांगेल, पहिल्यापासून, दुपारच्या मुहूर्तासकट. मग तो दिवा काढून ठेवायचा. मग तिनं आणि पोरीनं झोपावं, दिवसाही झोपावं, हवं तेवढं.

तो गाडीतून उतरला. चुलवाणाचा तांबडा डाग त्याला दिसला. भोवती काही नव्हतं, घोरण्याचे आवाज तेवढे होते. पहिलं पाऊल टाकताना त्याला वाटलं, पायाखाली कुणाचा तरी हात येईल. तो उभा राहिला.

"मी कुठं बसू?" त्यानं अंधारात विचारलं.

मग काहिलीच्या बाजूनं जोतिबाचा आवाज आला, "हाईस तितंच बस गड्या. डाव्या अंगाला काहील हाय, उजव्या अंगाला मानसं निजल्याती."

आकाराम हातानं जमीन चाचपत, होता तिथंच, खाली बसला.